मध्यंतरापर्यंतच्या शैलाकाकू

इथल्या डच गावांतल्या छोट्या सिनेमागृहांत अजूनही मध्यंतर असतं. सिनेमा रंगात आलेला असतो, नायिका कुठल्यातरी दाराशी घुटमळत असते, आणि अचानक दिवे लागतात. पडद्यावर एकच शब्द येतो, 'पाउझ'. लोक शहाण्यासारखे उठून कॉफीच्या रांगेत उभे राहतात. मी मात्र आधी दाराकडे बघतो. राखाडी कोट, त्याखालून डोकावणारा सुती साडीचा काठ, जाड मोजे, त्यावर पळायचे बूट, आणि छातीशी पर्स धरून भराभर पायऱ्या उतरणाऱ्या शैलाकाकू तिथे दिसतील असं उगाच वाटतं. मी आता डेल्फ्टला राहतो आणि काकू पुण्यात बहिणीकडे असतात, त्यामुळे त्या दिसायचं काही कारण नाही. मग मीही जाऊन रांगेत उभा राहतो.

हार्लेमला आम्ही एकाच गल्लीत राहायचो. ओळख झाली ती माझ्या एका थापेमुळे. ऑफिसातून आल्यावर दारात सायकलला कुलूप लावता लावता मी फोनवर आईला सांगत होतो की हो, जेवलो, गरम पोळी-भाजी खाल्ली. फोन ठेवून वळलो तर मागे पालकाची पिशवी घेऊन एक सत्तरीच्या बाई उभ्या. "पोळी कुठे मिळते रे इथे?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मी ब्रेडवर चीज ठेवून खाल्लं होतं. ते सांगावं लागलं. त्यांनी आईला फसवण्यावरून काही सुनावलं नाही, "ये घरी" एवढंच म्हणाल्या आणि समोरच्या ओळीतल्या एका घराकडे चालू लागल्या.

त्या घरात त्यांचा मुलगा अभय, सून आणि नात राहत होती. काकूंचे यजमान पुण्यात वारले, आणि त्यानंतर अभयने वकील लावून, कागदपत्रांसाठी बरेच खेटे घालून आईला इथे आणलं होतं. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात आणि नात शाळेत. नात मराठीत विचारलेलं सगळं समजायची आणि उत्तर डचमध्ये द्यायची. काकूही मग उत्तर समजल्यासारखं मान डोलवायच्या, आणि दोघींचं छान चालायचं.

काकूंची माझ्या पहिल्यांदा लक्षात आलेली सवय म्हणजे त्या कुठलीच गोष्ट एका बैठकीत पुरी करत नसत. शब्दकोडं अर्धं, विणकाम अर्धं, बहिणीशी फोन अर्धा. चहा तर मी त्यांना कधी संपवताना पाहिलंच नव्हतं. अर्धा कप झाला की काहीतरी आठवायचं, त्या उठायच्या, आणि परत येईपर्यंत चहावर साय धरलेली असायची. ती बघून त्या म्हणायच्या, "राहू दे, इथपर्यंतच माझं." हे 'इथपर्यंत माझं' त्या इतक्या सहज म्हणायच्या की त्यामागे काही असेल असं मला वाटलं नव्हतं.

कळलं ते सप्टेंबरात. गावातल्या एका छोट्या सिनेमागृहाचं माहितीपत्रक त्यांच्या घरी पडलं होतं. सप्टेंबरपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बुधवारी दुपारी जगभरातले जुने, नावाजलेले सिनेमे दाखवणार होते. काकूंना त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं. त्या नुसते फोटो बघत होत्या आणि एकेका फोटोवर बोट ठेवून म्हणत होत्या, "हा अर्धा पाहिलाय. हापण अर्धा. हा नाही पाहिला. हा अर्धा." मला वाटलं, टीव्हीवर बघता बघता झोप लागली असेल. तर तसं नव्हतं.

लग्नानंतरची कित्येक वर्षं काकू आणि त्यांचे यजमान पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीचे सभासद होते. कॉलेजचं सभागृह, लाकडी खुर्च्या, संध्याकाळी सहाचा खेळ. यजमानांकडे प्रोजेक्टरची आणि सभागृहाच्या किल्लीची जबाबदारी होती, म्हणजे ते शेवटपर्यंत हलू शकत नसत. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. शेजारच्या वहिनी तेवढ्यापुरत्या त्यांच्यापाशी बसायच्या, पण साडेसातला त्यांनाही आपल्या घरचं बघावं लागायचं. त्यामुळे मध्यंतर झालं की काकू उठायच्या आणि बस पकडायच्या. यजमान सगळं आवरून घरी आले की काकू जेवायला बसायच्या, आणि ते समोर पाट घेऊन त्यांना उरलेला सिनेमा सांगायचे.

"इथपर्यंत माझं, पुढचं ह्यांचं," काकू म्हणाल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी माझ्यासमोर कधीच घेतलं नाही. ते कायम 'हे' होते आणि वर्तमानकाळात होते. सासूबाई गेल्या आणि दोन महिन्यांत अभय झाला, अभय मोठा होईतो सोसायटी बंद पडली. जगातले उत्तमोत्तम सिनेमे काकूंनी असे मध्यंतरापर्यंत पाहिले होते.

त्यांनी ठरवलं की हे वर्ष राहिलेल्या सिनेमांचं. मी म्हटलं, मग अजिबात न पाहिलेल्यांपासून सुरुवात करू. तर म्हणाल्या, "जे पाहिलंच नाही त्याची कसली हळहळ. अर्धं राहिलेलं खुपतं." स्वयंपाकघरात पुण्याहून आलेलं मराठी कॅलेंडर होतं, त्यावर त्यांनी अर्ध्या सिनेमांच्या बुधवारांना लाल गोल केले. एकादशी चालेल, संकष्टी नको. संकष्टी का नको, दुपारचा तर खेळ आहे, असं मी विचारलं. एकादशीला फराळ तरी असतो, संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत काहीच नाही, आणि उपाशीपोटी सिनेमा नीट कळत नाही, म्हणाल्या. अभयने तेच कॅलेंडर इथल्या रिवाजाप्रमाणे संडासात लावायची सूचना केली होती. इथे लोक वाढदिवसांची कॅलेंडरं तिथेच लावतात. काकू त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नव्हत्या.

माझ्या ऑफिसात आठवड्याला चारच दिवस काम होतं आणि बुधवार मोकळा होता. शिवाय मी डचची परीक्षा पास झालो होतो. सिनेमा कुठल्याही देशाचा असला तरी खाली अक्षरं उमटणार डचमध्ये, तेव्हा कानात सांगायला कुणीतरी हवंच होतं. अशी माझी नेमणूक झाली.

पहिल्याच बुधवारी काकू खुर्चीत मांडी घालून बसल्या. बूट खाली नीट जोडून ठेवले होते. पर्समध्ये स्टीलच्या डबीत चिवडा होता. तो खाण्याचा त्यांचा नियम असा की पडद्यावर गाडी, वादळ किंवा भांडण आलं तरच घास घ्यायचा, म्हणजे कुणाला आवाज जात नाही. माझ्या कुजबुजीचा मात्र आवाज जात असावा, कारण पुढच्या रांगेतले एक उंच डच आजोबा वळून बघू लागले. काकूंनी लगेच डबी त्यांच्यापुढे धरली. आजोबा गोंधळले, पण त्यांनी चिमूटभर घेतला. पुढच्या बुधवारपासून ते आमच्या बरोबर पुढची जागा धरून बसू लागले, आणि सिनेमात वादळ आलं की न वळताच हात मागे करू लागले.

त्या पहिल्या बुधवारचा सिनेमा होता एका डोंगरगावातल्या घड्याळजीचा आणि त्याच्या बायकोचा. गावात आगगाडी येते. बायको रोज स्टेशनवर जाऊन नुसती बसते. एक दिवस ती गाडीत चढते, आणि दिवे लागले. एक मुलगी दारातून आत येऊन काहीतरी म्हणाली, त्यातला 'पाउझ' तेवढा काकूंनी ऐकला.

"बाहेर पाऊस आला हे सांगायला सिनेमा थांबवला?" त्यांनी मला विचारलं. "इथे तर रोजच असतो."

मी हसत सुटलो. हसून झाल्यावर बघतो तर शेजारची खुर्ची रिकामी. काकू बूट घालून, पर्स छातीशी धरून पायऱ्या उतरून दारापर्यंत पोचल्यासुद्धा होत्या. मी मागे पळालो. दाराशी त्या स्वतःच थांबल्या होत्या आणि जरा ओशाळून आपल्या पायांकडे बघत होत्या. "अरे, माझी बस," म्हणाल्या, आणि मग, "नाही का. आता कुठली बस." तेव्हापासून आमच्यात मध्यंतराला पाऊसच म्हणायची पद्धत पडली. पाऊस झाला की मी आधी त्यांची पर्स धरून ठेवायचो आणि मग कॉफी आणायला जायचो.

त्या दिवशी त्या आयुष्यात पहिल्यांदा मध्यंतरानंतर खुर्चीवर बसल्या. दिवे मालवण्याआधी त्यांनी मला पुढची गोष्ट सांगूनही टाकली, कारण ती त्यांना पाठ होती. बायको पुढच्याच स्टेशनवर उतरते आणि बर्फातून चालत परत येते. ज्या घड्याळजीला साधं पाणी उकळता येत नाही, त्याने तिच्यासाठी चहा करून ठेवलेला असतो. "फार सुंदर शेवट आहे," काकू म्हणाल्या, "बघच तू."

बायको परत आली नाही. शेवटच्या दृश्यात घड्याळजी नेहमीसारखा एकटाच दुकान उघडतो आणि सिनेमा संपतो. मी जसं दिसलं तसं सांगत गेलो. काकू पडद्यावरची नावं संपेपर्यंत थांबल्या, नंतरही काही दाखवतील म्हणून. मग माझ्याकडे वळून त्यांनी निकाल दिला, "तुझं डच कच्चं आहे."

पण शेवटी तर कुणी बोललंच नाही, असं मी म्हणून पाहिलं. मग त्यांनी दुसरं कारण शोधलं. इथली माणसं वक्तशीर, पाच वाजता हॉल रिकामा करायचा असणार, म्हणून शेवटचं रीळ कापलं असणार. यजमानांची चूक झाली असेल ही शक्यता त्यांच्या यादीत नव्हतीच. त्याला कारणही होतं. हे गृहस्थ एका छापखान्यात मुद्रितशोधक होते, आणि छापखान्याबाहेरही मुद्रितशोधकच होते. आलेल्या लग्नपत्रिका लाल शाईने दुरुस्त करून ते साभार परत पाठवायचे. लग्न ठरल्यावर काकूंनी त्यांना एकच पत्र लिहिलं होतं. त्याच्या उत्तरात पहिलं वाक्य होतं की भावना पोचल्या, मात्र 'उत्सुक' मधला पहिला उकार ऱ्हस्व असतो. काकू हे सांगताना इतक्या अभिमानाने सांगायच्या की मी मनातल्या मनात त्या दीर्घ उकाराची कीव करायचो.

दुसऱ्या लाल गोलाच्या दिवशी दोन बहिणींची गोष्ट होती. शेत विकावं की नाही यावरून त्या भांडतात. यजमानांच्या सिनेमात थोरली बहीण विहिरीवर चहाची किटली घेऊन येते आणि दोघी तिथेच काठावर बसतात. इथल्या पडद्यावर त्या एकमेकींशी पुन्हा बोलतच नाहीत. काकू म्हणाल्या, "ह्यांना डुलकी लागली असेल. छापखान्यात फार जागरणं व्हायची." तिसरी गोष्ट बदली झालेल्या शिक्षिकेची. यजमानांनी सांगितलं होतं की एस. टी. सुटायच्या आत सगळा वर्ग थर्मासमध्ये चहा घेऊन धावत येतो. त्या सिनेमात एस. टी. नव्हती, वर्गही आला नाही, बाई एकट्याच गेल्या. त्या दिवशी काकूंनी कारण दिलं नाही. वाटेत कालव्यावरच्या पुलाशी त्या थांबल्या आणि गुडघ्याचं निमित्त करून कठड्याला टेकल्या.

पुढच्या बुधवारी मी बोलवायला गेलो तर म्हणाल्या, पाय दुखतोय. त्याच्या पुढच्या बुधवारी बाहेर गारठा होता. कॅलेंडरवर लाल गोल तसेच होते आणि काकू त्याच्याकडे पाठ करून बसत होत्या. मी म्हटलं, सिनेमाच तो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. बोललो आणि लगेच चुकलं हे कळलं. त्यांनी कप खाली ठेवला, अर्थातच अर्धा.

"सिनेमाचं नाही रे. वेलांटी चुकलेली ज्यांना खपत नव्हती, त्यांनी मला इतकी वर्षं खोटं सांगितलं. मी जेवत होते आणि ऐकत होते. मग आणखी काय काय खोटं सांगितलं असेल?" मग म्हणाल्या, "माझं अर्धं आयुष्य मी ऐकलेलंच आहे, मकरंद. पाहिलेलं नाही."

मला त्या मेलेल्या माणसाचा रागच आला होता. सरळ सांगायचं होतं, बायको येत नाही म्हणून. काकूंना काय ते सोसलं नसतं. अंथरुणातल्या सासूचं सगळं करणाऱ्या बाईला एक घड्याळजी जड झाला असता होय.

थंडीचे दोनेक महिने असेच गेले. मी बुधवारी जात राहिलो, पण सिनेमाला नाही, चहाला. एका बुधवारी मी असतानाच पुण्याहून बहिणीचा फोन आला. काकू फोन हातात न धरता टेबलावर ठेवून मोठ्याने बोलायच्या, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. बहिणीने विचारलं, थंडी फार आहे का. बाहेर गारांचा मारा चालला होता. काकू म्हणाल्या, "छे गं, छान ऊन पडलंय. अंगणात बसून मटार सोलतेय." नात काय म्हणते? "शुद्ध मराठी बोलते. श्लोक म्हणते संध्याकाळी." आणि तू कंटाळत नाहीस ना दिवसभर? "वेळ कुठाय कंटाळायला. शेजारचा मकरंद आहे, रोज गरम पोळ्या खायला येतो." मी समोर टोस्ट खात बसलो होतो.

फोन बंद झाला. काकू माझ्याकडे बघून हसणार असं मला वाटलं, पण त्या हसल्या नाहीत. त्या गारांकडे बघत राहिल्या.

"हिला खोटं का सांगितलं मी?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "खोटं कुठे. जरा दुरुस्त करून सांगितलंत."

हा शब्द माझ्या तोंडून अगदी सहज गेला. काकू माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी तो शब्द पुन्हा एकदा, हळू, स्वतःशी म्हणून पाहिला. मग त्या बोटांवर मोजत एकेक सिनेमा आठवू लागल्या, पाहिलेले आणि अजून न पाहिलेले. घड्याळजीच्या शेवटी चहा. बहिणींच्या शेवटी चहा. शिक्षिकेच्या शेवटी चहा. वाळवंटातल्या सिनेमात चहा, कोळ्यांच्या सिनेमात चहा, एका सिनेमात तर युद्ध संपल्यावर शत्रूचा शिपाई चहा देतो. प्रत्येक सिनेमात शेवटी कुणीतरी एका थकलेल्या बाईच्या हातात चहाचा कप ठेवतं. "मला वाटायचं, जगभर लोक आपल्यासारखेच चहा पितात," काकू म्हणाल्या. "मला त्याचं किती बरं वाटायचं."

त्या उठल्या, ओट्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. पुण्यात त्या वेळी, संध्याकाळपासून धावपळ करून, सासूबाईंना भरवून, त्यांना कूस बदलून देऊन त्या जेवायला बसत, तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त काय हवं असायचं, तर कुणीतरी आयता केलेला एक कप चहा. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला तर नाहीच. तो माणूस उभ्या जन्मात गॅसजवळ गेला नव्हता.

"म्हणजे ह्यांना कळत होतं," काकू म्हणाल्या. "करत नव्हते, पण कळत होतं." मग त्या जरा तडकल्याच. "कळत होतं तर एक दिवस करायचा होता ना. सगळ्या जगाला करायला लावला."

आणि मग हसल्या. त्यांना हसताना मी पुष्कळदा पाहिलं होतं, पण हे हसणं बराच वेळ थांबेना, आणि मधेच पदर डोळ्यांना लागला. मीही हसत होतो, आणि इतके दिवस ज्या माणसाचा राग येत होता त्याचा राग आता येत नव्हता. चूक दिसली की राहवत नाही अशी त्यांची जात. बायकोच्या ताटासमोर पाट घेऊन बसलेल्या त्या मुद्रितशोधकाला जगातले मोठमोठे दिग्दर्शक शेवटाला चुकलेले दिसले असतील, आणि त्यांनी लाल शाई काढली असेल.

पुढच्या बुधवारी काकू माझ्याआधी दारात उभ्या होत्या. तिथून पुढे त्यांनी एकही लाल गोल चुकवला नाही. आता दोन शेवट बघायचे, अशी त्यांची रीत झाली. मध्यंतरात, म्हणजे पावसात, त्या मला यजमानांचा शेवट सांगायच्या, नंतर पडद्यावरचा बघायचो, आणि घरी जाताना कुठला बरा याचा वाद. काकू पक्षपात करत नसत. एकदा म्हणाल्या, "इथे ह्यांचं चुकलं. त्या बाईने निघून जायलाच हवं होतं. चहासाठी कसली थांबते." उंच आजोबांनाही मी मोडक्या डचमध्ये तो दुसरा शेवट सांगायचो. ते गंभीरपणे ऐकून मत द्यायचे आणि डबीत हात घालायचे. तो वसंत आमचा फार मजेत गेला.

कॅलेंडरवरचा शेवटचा गोल होता एका आईच्या सिनेमाचा. तिचा मुलगा डोंगरापलीकडच्या खाणीत कामाला गेलेला असतो आणि त्याचं काही कळत नसतं, म्हणून ती भर हिवाळ्यात चालत निघते. काकू हा सिनेमा बघताना चिवड्याला हात लावत नव्हत्या, वादळ असूनही. मी कानात सांगत होतो तेही त्यांना नको होतं, त्यांनी हातानेच मला थांबवलं. आई खिंडीत पोचते, पलीकडे खाली खाणीचं फाटक दिसतं, आणि पाऊस झाला.

मी सवयीने पर्स धरायला हात पुढे केला. ती त्यांनी आधीच घेतली होती. बूटही घातले होते.

"ह्याचा ह्यांनी सांगितलेला शेवट सगळ्यात चांगला आहे," त्या म्हणाल्या. "सासूबाईंचे दिवसवार झाले त्याच्या पुढच्या आठवड्यातला. तेव्हा खरं तर मला बसायला हरकत नव्हती, घरी कुणी वाट बघत नव्हतं. पण मी सवयीने निघून आले. तो राहू दे मला. बाकीचे सगळे तपासून झाले."

मी सोडायला येतो म्हटलं तर नको म्हणाल्या.

"तू थांब. इथपर्यंत माझं, पुढचं तुझं. घरी येऊन सांग."

त्या पायऱ्या उतरल्या. या वेळी घाई नव्हती. दाराशी त्यांनी वळून उंच आजोबांना हात केला आणि गेल्या.

उरलेला सिनेमा मी एकट्याने पाहिला. संपल्यावर आजोबा चष्मा पुसत बसले होते. त्यांनी विचारलं, बाई कुठे गेल्या, तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं, बरी आहे, घरी गेल्यात. "म्हणजे शेवट हुकला त्यांचा," ते हळहळले. मी हो म्हटलं. खरा शेवट काय होता ते मी काकूंना सांगितलं नाही, तेव्हा इथेही सांगत नाही.

सायकलवरून परत येताना मी काय सांगायचं ते जुळवत होतो. गल्लीत पोचेपर्यंत एकही वाक्य धड जुळलं नव्हतं. असं दर आठवड्याला, सभागृहाला कुलूप लावून घरापर्यंत येताना जुळवायचं म्हणजे काय असेल, हे तेव्हा मला कळलं. यजमानांबद्दल मला त्या दिवशी फार आदर वाटला.

काकू स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसल्या होत्या, कोट काढला होता, हात टेबलावर होते. दुपारचं ऊन होतं, खरोखरचं, बहिणीला सांगायचं नव्हे. गॅसवर काही नव्हतं. "सांग," त्या म्हणाल्या.

मी ओट्याशी गेलो. पातेलं कुठे असतं ते मला माहीत होतं. पाणी ठेवलं, आलं किसलं, साखर घातली. त्या उठायला लागल्या तेव्हा "बसा हो" म्हटलं. त्या बसल्या. पाठमोऱ्यानेच मी सांगायला सुरुवात केली. आई उतरून खाली येते. फाटकावरचा माणूस तिला आत सोडत नाही. ती तिथेच बर्फात बसते. मग आतून एक काळवंडलेला मुलगा येतो. तिला ओळखत नाही, तीही त्याला ओळखत नाही, पण बाई गारठलीय एवढं त्याला दिसतं. तो टोपीत बर्फ घेतो आणि शेगडीवर वितळवतो.

एवढं होईतो चहा उकळला होता. मी तो गाळून त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर बसलो.

काकूंनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ह्यांच्या सिनेमात साखर जरा जास्त असायची," त्या म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात मला डेल्फ्टला यावं लागलं, आणि मी नसतानाच काकू पुण्याला गेल्या. कंटाळून नव्हे, बहीण एकटी पडली म्हणून, आणि गेल्या त्या पुन्हा कशाला येतील. त्यामुळे त्या माझ्या डोळ्यांपुढे राहिल्या त्या तशाच, खिडकीपाशी, दोन्ही हातांत कप धरलेल्या. मधे दारावरची घंटा वाजली, कुणीतरी शेजाऱ्याचं पार्सल घेऊन आलं होतं. काकू उठल्या नाहीत. मीच जाऊन ते घेतलं. परत आलो तेव्हा कप रिकामा होता, आणि त्या तो धुवायलासुद्धा उठल्या नव्हत्या.